सात सुवर्णे, ०.७० सेकंद

जमैकाच्या शेली-ॲन फ्रेझर-प्राइसने १०० मीटर शर्यतीत दोन ऑलिंपिक आणि पाच जागतिक अशी सात सुवर्णपदके जिंकली. या सात अंतिम शर्यतींत तिची दुसऱ्या क्रमांकावरची आघाडी किती होती, याची बेरीज केली तर ती ०.७० सेकंद भरते. एका सुवर्णामागे सरासरी ०.१० सेकंद. एकूण ७०० मीटर तिने ७५.११ सेकंदांत कापले. दुसऱ्या आलेल्यांच्या वेळांची बेरीज ७५.८१ सेकंद. फरक ०.९२ टक्के.

ही आघाडी सातही शर्यतींत सारखी वाटलेली नाही. मॉस्को २०१३ मध्ये ती आयव्हरी कोस्टच्या म्युरिएल अहुरेच्या ०.२२ सेकंद पुढे होती, बीजिंग ऑलिंपिक २००८ मध्ये ०.२० आणि दोहा २०१९ मध्ये ब्रिटनच्या डिना ॲशर-स्मिथच्या पुढे ०.१२. या तीन शर्यतींतच ०.५४ सेकंद, म्हणजे एकूण आघाडीचे ७७ टक्के, खर्ची पडतात. उरलेल्या चार सुवर्णांच्या वाट्याला ०.१६ सेकंद येतात: युजीन २०२२ मध्ये ०.०६, बीजिंग जागतिक स्पर्धा २०१५ मध्ये ०.०५, लंडन ऑलिंपिक २०१२ मध्ये ०.०३ आणि बर्लिन २००९ मध्ये ०.०२.

शेवटच्या काही मीटरांत या दर्जाच्या धावपटूचा वेग सेकंदाला साधारण १० मीटर असतो. त्यामुळे शतांश सेकंद म्हणजे ढोबळमानाने १० सेंटिमीटर. या हिशेबाने मॉस्कोतली आघाडी दोन मीटरांहून थोडी जास्त होती आणि बर्लिनमधली वीतभर. अटीतटीच्या चारही सुवर्णांची आघाडी एकत्र केली तर १.६ मीटर होते. फ्रेझर-प्राइसची उंची १.५२ मीटर आहे. २०१५ मध्ये तिच्या मागोमाग आलेली नेदरलँड्सची डाफ्ने स्किपर्स तिच्याहून २७ सेंटिमीटरने उंच होती.

शतांशांचा हा हिशेब भारतीय वाचकाला समजावून सांगायला नको. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषाची वेळ ५५.४२ होती, कांस्य जिंकणाऱ्या रुमानियाच्या धावपटूची ५५.४१. जमैकाच्या खात्यातही असे उदाहरण आहे. मर्लिन ऑटीने १९९३ च्या जागतिक स्पर्धेत १०.८२ आणि १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये १०.९४ सेकंदांत १०० मीटर पूर्ण केले. दोन्ही वेळा अमेरिकेच्या गेल डेव्हर्सची अधिकृत वेळ तेवढीच होती आणि दोन्ही वेळा छायाचित्र पाहून सुवर्ण डेव्हर्सला देण्यात आले. ऑटीची सर्वोत्तम वेळ १०.७४. खुल्या मैदानावरील ऑलिंपिक व जागतिक स्पर्धांत तिची १०० मीटरची सुवर्णे शून्य. फ्रेझर-प्राइसच्या सातांपैकी तीन सुवर्णे १०.७४ पेक्षा कमी वेगाने धावून आलेली आहेत: १०.७८, १०.७५ आणि १०.७६. निव्वळ वेळांवरून कारकीर्द मापणाऱ्यांनी या तीन आकड्यांपाशी जरा थांबावे.

पुरुषांशी तुलना केली तरी सात हा आकडा वरच राहतो. उसेन बोल्टची १०० मीटरमधील ऑलिंपिक सुवर्णे तीन आणि जागतिक तीन, एकूण सहा. कार्ल लुइसची दोन आणि तीन, एकूण पाच. मोठा फरक कालावधीचा आहे. लुइसचे पहिले सुवर्ण १९८३ चे आणि शेवटचे १९९१ चे. बोल्टची सहाही सुवर्णे २००८ ते २०१६ मधली. दोघांनाही आठ वर्षे मिळाली. फ्रेझर-प्राइसचे पहिले सुवर्ण १७ ऑगस्ट २००८ चे आणि सातवे १७ जुलै २०२२ चे. मध्ये १३ वर्षे ११ महिने गेले. पहिल्या वेळी ती २१ वर्षांची होती, सातव्या वेळी ३५.

या १४ वर्षांत तिची विजेती वेळ १०.६७ ते १०.७८ या पट्ट्यात राहिली. सर्वांत वेगवान आणि सर्वांत संथ सुवर्णात ०.११ सेकंदांचे अंतर आहे. बाकीची पाच त्यांच्यामध्ये: १०.७१ (दोनदा), १०.७३, १०.७५, १०.७६. विश्वविक्रम तिच्या नावावर कधीच नव्हता. तो १९८८ पासून फ्लोरेन्स ग्रिफिथ-जॉयनरच्या १०.४९ चा आहे. ऑलिंपिक विक्रमही तिचा नाही. जागतिक स्पर्धेचा विक्रम युजीनच्या १०.६७ ने तिच्याकडे आला आणि १३ महिन्यांनी अमेरिकेच्या शकारी रिचर्डसनने १०.६५ धावून तो घेतला. कारकिर्दीतली तिची सर्वोत्तम वेळ १०.६०, सार्वकालिक यादीत तिसरी. यादीत तिच्या वर असलेल्या दोघींची १०० मीटरमधील ऑलिंपिक आणि जागतिक सुवर्णे मिळून तीन होतात: ग्रिफिथ-जॉयनरचे एक, एलेन थॉम्पसन-हेराची दोन.

फ्रेझर-प्राइस १०० मीटरच्या १२ ऑलिंपिक व जागतिक अंतिम फेऱ्या धावली. त्यांत सुवर्णे सात, रौप्य एक, कांस्ये दोन, एकदा चौथा क्रमांक (२०११) आणि एकदा सहावा (२०२५). सुवर्णाचे प्रमाण ५८ टक्के, पदकाचे ८३ टक्के. धावून हरली म्हणून अंतिम फेरी हुकली, असे एकदाही झाले नाही. पॅरिस २०२४ मध्ये प्राथमिक फेरीत १०.९२ धावल्यावर तिने उपांत्य फेरीतून माघार घेतली. २०१७ मध्ये ती स्पर्धेतच नव्हती.

तिचा उदय मात्र संथ पट्ट्यातला नाही. २००७ अखेर तिची सर्वोत्तम वेळ ११.३१ होती. २००८ मध्ये ती १०.७८ वर आली, म्हणजे एका वर्षात ०.५३ सेकंद. त्यानंतरच्या १३ वर्षांतली एकूण सुधारणा ०.१८ सेकंद, पहिल्या उडीच्या सुमारे एक तृतीयांश. बीजिंगच्या निवड चाचणीत ती १०.८५ सह दुसरी आली. चौथ्या क्रमांकावर १०.८८ सह वेरोनिका कॅम्पबेल होती, म्हणजे तेव्हाची १०० मीटरची विद्यमान जगज्जेती. नवख्या मुलीऐवजी कॅम्पबेलला धाडा, असा सूर जमैकात निघाला होता. तो मानला गेला नाही. फ्रेझर (प्राइस हे आडनाव २०११ मध्ये लग्नानंतर जोडले गेले) १०.७८ सह पहिली आली. केरॉन स्टुअर्ट आणि शेरॉन सिम्पसन या तिच्या सहकारी दोघीही १०.९८ वर थांबल्या आणि दोघींना रौप्य मिळाले. कांस्य कोणालाच नाही. वादाचे मोल ०.०३ सेकंद होते, विजयाचे ०.२०.

२०१० आणि २०११ या दोन वर्षांचा उल्लेख थोडक्यात पुरेसा आहे. २०१० मध्ये शांघायच्या शर्यतीनंतरच्या चाचणीत तिच्या नमुन्यात ऑक्सिकोडोन हे वेदनाशामक सापडले. ते दातदुखीसाठी घेतलेल्या औषधातून आले, असे तिने सांगितले आणि तिच्यावर सहा महिन्यांची बंदी आली. त्या वर्षी ना ऑलिंपिक होते ना खुल्या मैदानावरची जागतिक स्पर्धा, त्यामुळे पदकांच्या हिशेबात बंदीचा परिणाम शून्य. २०११ मध्ये देगूला ती १०.९९ सह चौथी आली, कांस्यापासून ०.०१ सेकंद दूर.

कारकिर्दीची खरी फाळणी ७ ऑगस्ट २०१७ या तारखेवर होते. त्या दिवशी तिचा मुलगा जन्मला. आदल्याच दिवशी लंडनमध्ये जागतिक स्पर्धेची १०० मीटर अंतिम फेरी झाली होती आणि अमेरिकेची टोरी बोवी १०.८५ मध्ये जिंकली होती. फ्रेझर-प्राइस तेव्हा ३० वर्षांची होती. महिलांच्या १०० मीटरमध्ये हे वय कारकीर्द आवरण्याचे मानले जाई. आकडे असे आहेत. प्रसूतीपूर्वी ऑलिंपिक आणि जागतिक स्पर्धांत मिळून १५ पदके, त्यांत नऊ सुवर्णे. प्रसूतीनंतर १० पदके, त्यांत चार सुवर्णे. एकूण २५ पैकी ४० टक्के पदके दुसऱ्या भागातली. १०० मीटरच्या सात सुवर्णांचे विभाजन पाच आणि दोन असे आहे.

वेळांचे विभाजन याच्या उलट पडते. पहिल्या भागातली सर्वोत्तम वेळ १०.७०, जून २०१२ मध्ये किंग्स्टनला नोंदवलेली. ती नऊ वर्षे जागची हलली नाही. मधल्या काळात आकडे वरखाली झाले: २०१४ मध्ये हंगामातली सर्वोत्तम वेळ ११.०१, २०१६ मध्ये १०.८६, पुनरागमनाच्या २०१८ मध्ये १०.९८. मग २०१९ मध्ये १०.७१. जून २०२१ मध्ये किंग्स्टनलाच १०.६३ आणि ऑगस्टमध्ये लोझानला १०.६०. वयाच्या २५ व्या वर्षीची वेळ तिने ३४ व्या वर्षी ०.१० सेकंदाने मागे टाकली.

२०२२ चा हंगाम त्याहून विलक्षण आहे, कारण तिथे एका शर्यतीची कमाल नाही, संख्या आहे. त्या वर्षी तिने १०.७० च्या आत सात शर्यती पूर्ण केल्या. मे महिन्यात नैरोबीला १०.६७, जूनमध्ये पॅरिसला १०.६७, जुलैत युजीनला १०.६७, सप्टेंबरमध्ये झ्युरिकला १०.६५. उरलेल्या तीन ऑगस्टमधल्या आणि पाच दिवसांच्या आतल्या: ६ तारखेला पोलंडमध्ये १०.६६, ८ ला हंगेरीत १०.६७, १० ला मोनॅकोत १०.६२. तीन देश, मध्ये दोन प्रवास, आणि तीन वेळांतला फरक ०.०५ सेकंद. २००८ ते २०२० या पहिल्या १३ वर्षांत १०.७० च्या आतली तिची एकही शर्यत नव्हती.

या वेळा वाचताना वाऱ्याचा रकानाही वाचावा लागतो. सेकंदाला २ मीटरपर्यंतचा अनुकूल वारा नियमात बसतो आणि प्रत्येक मीटरमागे महिलांच्या १०० मीटरमध्ये साधारण ०.०५ ते ०.०६ सेकंद वाचतात. लोझानच्या १०.६० ला १.७ मीटर अनुकूल वारा होता. मोनॅकोच्या १०.६२ ला ०.४. वाऱ्यातला फरक १.३ मीटरचा, त्याची किंमत ०.०६ ते ०.०८ सेकंद. ती वळती केली तर यादीत दुसरी दिसणारी मोनॅकोची शर्यत लोझानपेक्षा वेगवान ठरते. सुवर्णांनाही हाच निकष लावता येतो. मॉस्को २०१३ आणि बीजिंग २०१५ या दोन्ही अंतिम फेऱ्या ०.३ मीटर प्रतिकूल वाऱ्यात झाल्या. लंडन २०१२ मध्ये वारा १.५ मीटर अनुकूल. त्यामुळे मॉस्कोचे १०.७१ आणि लंडनचे १०.७५ यांतले खरे अंतर ०.०४ पेक्षा बरेच मोठे आहे. मॉस्कोत तिने १००, २०० आणि रिले अशी तिन्ही सुवर्णे घेतली. एकाच जागतिक स्पर्धेत तिन्ही जिंकणारी ती पहिली महिला. दुसरी होण्यासाठी १२ वर्षे जावी लागली.

आता तिच्या सहा शर्यती दोन गटांत मांडू. पहिला गट मॉस्को २०१३, बीजिंग २०१५, दोहा २०१९: वेळा १०.७१, १०.७६, १०.७१. बेरीज ३२.१८. दुसरा गट टोकियो २०२१, युजीन २०२२, बुडापेस्ट २०२३: वेळा १०.७४, १०.६७, १०.७७. बेरीज ३२.१८. दोन्ही गटांत शतांशाचाही फरक नाही. पहिल्या गटात तिचे वय २६, २८ आणि ३२; दुसऱ्यात ३४, ३५ आणि ३६. पदके मात्र पहिल्या गटात तीन सुवर्णे, दुसऱ्यात रौप्य, सुवर्ण, कांस्य.

बदल कुठे झाला ते तिच्या सर्वांत वेगवान प्रतिस्पर्ध्यांच्या वेळांत दिसते. पहिल्या गटात त्या १०.९३, १०.८१ आणि १०.८३, बेरीज ३२.५७. दुसऱ्या गटात १०.६१, १०.७३ आणि १०.६५, बेरीज ३१.९९. तीन शर्यतींत जग ०.५८ सेकंदांनी पुढे सरकले आणि ती होती तिथेच राहिली. टोकियोतले तिचे रौप्य १०.७४ चे, तेही ०.६ मीटर प्रतिकूल वाऱ्यात. तिच्या दोन्ही ऑलिंपिक सुवर्णांपेक्षा ही वेळ सरस आहे. बुडापेस्टचे कांस्यसुद्धा बीजिंग ऑलिंपिकच्या सुवर्णापेक्षा ०.०१ सेकंदाने वेगवान.

जग सरकण्यामागे पायातल्या स्पाइक्सचा वाटा आहे. कार्बनची पट्टी आणि जास्त उसळी देणारा फोम असलेले स्पाइक्स २०२० च्या आसपास सर्रास झाले. १९८८ ते २०२० या ३३ वर्षांत १०.७० च्या आत धावलेल्या महिला तीन: ग्रिफिथ-जॉयनर, मॅरियन जोन्स आणि कार्मेलिटा जेटर. २०२१ ते २०२५ या पाच वर्षांत त्यांत पाच जणींची भर पडली. हे स्पाइक्स फ्रेझर-प्राइसलाही मिळाले, हे विसरता येत नाही. तिची १०.६० ही वेळ आणि जुनी १०.७० एकाच तराजूत घालणे चूक आहे. पण वजावट किती करायची याचा एकच आकडा नाही, कारण एका बाजूला बूट मदत करत होते आणि दुसऱ्या बाजूला वय वाढत होते. ३२.१८ या जोडीत दोन्ही एकमेकांना छेदून गेलेले दिसतात, एवढे म्हणता येईल.

२०० मीटरच्या आकड्यांत हीच गोष्ट जास्त उघडी पडते. मॉस्कोत तिने २२.१७ मध्ये सुवर्ण जिंकले. टोकियोत ती २१.९४ मध्ये धावली, ०.२३ सेकंद वेगाने, आणि चौथी आली. युजीनमध्ये २१.८१ ला रौप्य मिळाले. सुवर्ण घेणारी तिचीच सहकारी शेरिका जॅक्सन ०.३६ सेकंद पुढे होती.

एकूण २५ पदकांत वैयक्तिक १३ आणि ४ x १०० मीटर रिलेची १२. रिलेच्या बारांत सुवर्णे पाच, रौप्ये सात, कांस्य एकही नाही. सातही रौप्यांच्या वेळी सुवर्ण अमेरिकेचे होते. ही मालिका २००७ मध्ये ओसाकाला सुरू झाली. तिथे तिने फक्त प्राथमिक फेरी धावून पहिले पदक मिळवले. लंडन ऑलिंपिकमध्ये जमैकाने ४१.४१ ची वेळ नोंदवली, पण अमेरिकेने ४०.८२ चा विश्वविक्रम केला, फरक ०.५९. युजीन २०२२ मध्ये फरक ०.०४ आणि टोकियो २०२५ मध्ये पुन्हा ०.०४. रिलेत बॅटनच्या तीन देवाणघेवाणी होतात. ०.०४ सेकंद एखाद्या अर्धवट पकडीतच जातात, तिथे धावण्याच्या वेगाला दोष देता येत नाही. उलट टोकियो ऑलिंपिकमध्ये जमैकाने ४१.०२ धावून अमेरिकेला ०.४३ सेकंदाने मागे टाकले. त्या चौघींपैकी तिघी १०० मीटरच्या पदक विजेत्या होत्या.

पदकांची संख्याच बघायची तर फ्रेझर-प्राइस पहिली नाही. अमेरिकेच्या ॲलिसन फेलिक्सची ऑलिंपिकमध्ये ११ आणि जागतिक स्पर्धांत २०, मिळून ३१ पदके आहेत. ऑटीची २३, बोल्टची २२. वैयक्तिक सुवर्णे मोजली की क्रम बदलतो: फेलिक्सची पाच, फ्रेझर-प्राइसची आठ. फेलिक्सच्या सुवर्णांचा मोठा भाग रिलेचा आहे आणि ती ४०० मीटरही धावत असल्याने तिला एकाहून अधिक रिले उपलब्ध होत्या. हा दोष नव्हे. मोजपट्टी वेगळी, इतकेच.

या आकड्यांमागे देश केवढा, हेही पाहायला हवे. जमैकाची लोकसंख्या सुमारे २८ लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे महापालिकेच्या हद्दीत ३१ लाख लोक होते. २००८ ते २०२१ या चार ऑलिंपिकमध्ये महिलांच्या १०० मीटरची १२ पदके दिली गेली. जमैकाला १० मिळाली, अमेरिकेला दोन. त्या दहांत चार फ्रेझर-प्राइसची: सुवर्ण, सुवर्ण, कांस्य, रौप्य. सलग चार ऑलिंपिकमध्ये या शर्यतीचे पदक मिळवणारी ती पहिली महिला. रिओचे कांस्य तिने पायाच्या अंगठ्याची दुखापत घेऊन, १०.८६ मध्ये मिळवले. जमैकाच्या सुवर्णांची सलगता २०२४ मध्ये सेंट लुशियाच्या ज्युलियन आल्फ्रेडने १०.७२ धावून तोडली. त्या देशाची लोकसंख्या दोन लाखांच्या आत आहे.

पैशाचा रकाना लहान आहे. जागतिक स्पर्धेतील वैयक्तिक सुवर्णाला २०१९ पर्यंत ६० हजार डॉलर मिळत, २०२२ मध्ये ७० हजार. त्यामुळे १०० मीटरच्या पाच जागतिक विजेतेपदांचे बक्षीस ३ लाख १० हजार डॉलर. दोन ऑलिंपिक सुवर्णांसाठी जागतिक संघटनेकडून काहीही नाही. ऑलिंपिक विजेत्यांना ५० हजार डॉलर देण्याची सुरुवात पॅरिस २०२४ पासून झाली. धावपटूंची मुख्य कमाई जाहिराती आणि बूट कंपन्यांच्या करारांतून होते. ते आकडे सहसा जाहीर होत नाहीत.

शेवटचा हंगाम २०२५ चा. निवड चाचणीत १०.९१ सह तिसरी येऊन तिने टोकियोच्या जागतिक स्पर्धेचे तिकीट मिळवले आणि ऑगस्टमध्ये पोलंडला १०.८७ धावली. १४ सप्टेंबरच्या अंतिम फेरीत ११.०३ सह ती सहावी आली. विजेती मेलिसा जेफरसन-वुडन १०.६१ वर, म्हणजे ०.४२ सेकंद पुढे होती. बारा अंतिम फेऱ्यांतली ही तिची एकमेव ११ सेकंदांबाहेरची वेळ. रौप्य जिंकणारी जमैकाची टिना क्लेटन ऑगस्ट २००४ मध्ये जन्मलेली. बीजिंग ऑलिंपिकच्या वेळी चार वर्षांची. आठवड्याने रिलेचा पहिला टप्पा ३८ वर्षांच्या फ्रेझर-प्राइसने धावला, पुढच्या दोन टप्प्यांवर टिना आणि तिची जुळी बहीण टिया होत्या, आणि जमैकाने ४१.७९ सह रौप्य घेतले.

जेफरसन-वुडनने त्याच स्पर्धेत २०० मीटर आणि रिलेही जिंकून मॉस्कोच्या तिहेरी सुवर्णांची बरोबरी केली. सार्वकालिक यादीत ती आता फ्रेझर-प्राइसच्या ०.०१ सेकंद मागे, चौथी आहे. त्या स्पर्धेच्या वेळी तिचे वय २४ होते. त्या वयात फ्रेझर-प्राइसची सर्वोत्तम वेळ १०.७३ होती आणि १०० मीटरची सुवर्णे दोन. जेफरसन-वुडनचे एक झाले आहे.